बादशहा नदाफांचा डावा अंगठा

वडूजच्या पुढं पाच-सहा किलोमीटरवर जे गाव लागतं, तिथं कुणालाही विचारा, तो सांगेल की शाळवावरची पाखरं राखावीत तर बादशहा नदाफांनी. सांगून झाल्यावर तो हळूच हसेलही, कारण यंदाच्या जानेवारीत काय घडलं ते त्यानं मोबाइलवर पाहिलेलं असतं. हसणाऱ्यानं हसावं. अंगठा त्याचा नव्हता.

बादशहांचं वय त्रेसष्ट. घराणं पिंजाऱ्यांचं. बाप आणि आजा पुरुषभर लांबीची कमान खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरले. बादशहांनीही उमेदीची तीस वर्षं त्याच कमानीच्या आतड्याच्या ताणलेल्या तातेवर लाकडी दस्ता मारण्यात घालवली. मग वडूजला पिंजायचं यंत्र आलं, यंत्रामागून फोमच्या गाद्या आल्या, आणि अकरा वर्षांपूर्वी बादशहांनी कमान घरातल्या खुंटीला टांगली ती टांगलीच. मुलगा अफताब पलूसला गाद्यांच्या दुकानात असतो. दर शुक्रवारी त्याचा फोन येतो, की अब्बा, इकडं या, खुर्ची आहे, पंखा आहे, बसल्या जागी फोम कापायचा. बादशहा म्हणतात, शाळू निघू दे, मग बघू. हे 'मग बघू' अकरा वर्षं चाललं होतं.

शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, गावातल्या बनुबाईंचा. थंडीत कणसं चिकात आली की बादशहा त्यांच्या रानातल्या माळ्यावर चढतात. माळा म्हणजे चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेल्या, डोक्यावर उसाच्या पाल्याचं छप्पर. दाणा टणक होईपर्यंत महिनाभर तिथंच मुक्काम, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. हातात गलोल. पोरांची रबराची गलोल नव्हे. ही बांबूच्या कामठ्याची, धनुष्यासारखी, फक्त एकाऐवजी दोन ताती आणि मधे कातड्याची बोटभर पट्टी. बाणाऐवजी गोळी. काळ्या मातीत राख आणि कापसाचे तंतू मळायचे, बोराएवढ्या गोळ्या वळायच्या, उन्हात वाळवून चुलीच्या फुफाट्यात भाजायच्या. बादशहांनी पाखराला मात्र कधी मारलं नाही. गोळी थव्याच्या डोक्यावरून वीतभर अंतरानं सोडायची. मारलं तर एक पाखरू जातं आणि भिववलं तर शंभर जातात, हा त्यांचा हिशेब.

या हत्याराची एक खोड आहे. गोळी सुटते ती नेमकी कामठा धरलेल्या डाव्या अंगठ्याच्या रोखानं. सोडता सोडता डाव्या मनगटाला बाहेर हिसडा द्यायचा, म्हणजे कामठा बाजूला होतो आणि गोळी मोकळी निघून जाते. हिसडा चुकला की अंगठा फुटलाच. शिकणारा प्रत्येक जण एकदा फोडून घेतो. बादशहांनी तो दहाव्या वर्षी फोडून घेतला होता, आणि त्यानंतर त्रेपन्न वर्षांत दुसऱ्यांचे अंगठे फुटले की ते समोर बसून मनसोक्त हसत आले होते. त्याचीही परतफेड व्हायची होती.

गावात कालव्याचं पाणी आल्यापासून शिवार पालटलं. जिकडं बघावं तिकडं ऊस, आलं, कांदा. शाळू उरला तो बनुबाईंच्या दीड एकरात. गावात एकाच घरी जेवणावळ असली की सगळ्या गावानं तिथंच पान मांडावं, तशी पंचक्रोशीतली पाखरं त्या दीड एकरावर उतरायला लागली. चिमण्या, राघू, साळुंक्या, आणि उन्हं चढायच्या आत ढगासारख्या येणाऱ्या भोरड्या. गेल्या साली निम्मी कणसं रिकामी निघाली. बनुबाईंचा मुलगा वीरधवल फौजेत आहे. तो यंदा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला आणि आईला म्हणाला की राबायचं आपण, जेवायचं पाखरांनी, असली शेती कुणी सांगितलीय. कापणी झाली की सरी पाडू आणि ऊस लावू.

पोराचं बोलणं खोटं नव्हतं. बनुबाईंचंही खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या, सासूनं दिलेलं बी आहे, त्याची भाकरी दोन दिवस मऊ राहते, ते माझ्या हातानं मोडणार नाही. शेवटी मायलेकरांत ठरलं ते असं. कापणीच्या आदल्या दिवशी बनुबाई रानातून फिरून बियाण्याची कणसं निवडतात, तो त्या घरचा रिवाजच. यंदा पीक पाखरांच्या तोंडातून वाचलं, तर बनुबाईंनी बी निवडावं. नाही वाचलं, तर निवडू नये, आणि वीरधवलनं ऊस लावावा. हे बोलणं माळ्याखाली उभं राहून झालं आणि बादशहा वर बसून ऐकत होते. बी निवडलं नाही म्हणजे पुढं शाळू नाही. शाळू नाही म्हणजे माळा नाही, गलोल नाही. मग पलूसची ती पंख्याखालची खुर्ची. फोम कापण्यात वाईट काही नाही, पण त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला ज्याच्यासाठी कुणी हाक मारावी असं एकच काम उरलं असेल, तर त्यानं ते मुकाट्यानं का सोडावं?

राखणीच्या चौथ्या दिवशी सकाळी वीरधवल माळ्यावर आला. आपल्या पलटणीतल्या मित्रांना ही गलोल दाखवायची होती, म्हणून त्यानं मोबाइल धरला. बादशहांनाही हुरूप आला. त्यांनी टोपी सारखी केली, गोळी पट्टीत धरली, तात कानापर्यंत ओढली. आणि नेमकं तेव्हाच वीरधवल म्हणाला, "चाचा, जरा हिकडं बघा की."

चाचांनी बघितलं. मान वळली, मनगट विसरलं, आणि भाजलेली गोळी पन्नास पावलांचा सगळा जोर घेऊन डाव्या अंगठ्याच्या नखावर बसली. त्यानंतर बादशहांच्या तोंडून जे निघालं ते त्या व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं. वीरधवलनं तो फक्त मित्रांना पाठवला होता, पण मोबाइलवरची गोष्ट आणि विहिरीवरची गोष्ट एका घरात राहत नाही. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानापासून दुधाच्या डेअरीपर्यंत जो तो बादशहांना अंगठ्याची खुशाली विचारू लागला. विचारताना प्रत्येकानं मान वळवून दाखवली.

नख काळंनिळं झालं आणि अंगठा वांग्यासारखा सुजला. इथवर काही बिघडलं नव्हतं. मुका मार होता, चार दिवसांत उतरला असता. पण बादशहांना चार दिवस नको होते, त्यांना उद्या सकाळी गलोल धरायची होती. मुक्या माराला बिब्बा, असं म्हणून त्यांनी बिब्बा तापवला. बायको मेहरुनबी म्हणाली, तुम्हाला बिब्बा उततो, तुमची आई सांगायची. बादशहा म्हणाले, ते लहानपणी. आणि त्यांनी सुईच्या टोकावर बिब्ब्याचं काळं तेल घेऊन अंगठ्याभोवती दोन वेढे काढले.

लहानपणी उततो तो म्हातारपणीही उततो. सकाळपर्यंत अंगठ्यापासून मनगटापर्यंत फोड उठले आणि अशी खाज सुटली, की माणसानं हात भिंतीवर घासावा. मेहरुनबीनं एक शब्द न बोलता खोबरं वाटून लावलं. तिचं ते न बोलणं बादशहांना फोडांपेक्षा जास्त झोंबलं. वडूजच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मलम लावून पट्टी बांधली आणि बजावलं की दहा दिवस या हातानं काही घट्ट धरायचं नाही. बादशहांनी मान डोलावली, गोळ्यांची पुडी खिशात टाकली आणि एसटीतून उतरून थेट माळ्यावर गेले.

आता सुरू झाली खटपट. आधी त्यांनी हात बदलून पाहिला. कामठा उजव्या हातात, तात डाव्या हाताच्या पट्टीबाहेर उरलेल्या दोन बोटांत. गोळी मागं फिरून बनुबाईंनी आणलेल्या जेवणाच्या डब्यावर टणकन बसली. गोफण म्हणावी, तर ती त्यांना कधी आलीच नाही, त्यांचे हात तातेचे. वीरधवलला आपल्यामुळं झालं याची टोचणी होती. त्यानं वडूजहून चमकणाऱ्या पट्ट्या आणल्या, रानभर ताणल्या, आणि एका खांबावर स्पीकर बसवून त्यावर ससाण्याचा आवाज लावला. दोन दिवस पाखरं बिचकली. तिसऱ्या दिवशी एक साळुंकी त्या स्पीकरवरच बसून पिसं साफ करत होती.

पूर्वेकडच्या चार-सहा काकऱ्यांतली कणसं तोवर खाऊन झाली होती. वीरधवल त्या बाजूनं फिरून आला आणि माळ्याखाली उभा राहिला. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, उलट मायाच होती.

"चाचा, ऱ्हाऊ द्या आता," तो म्हणाला. "लय झालं. हात बरा करा आधी."

"हाताचं हात बघंल," बादशहा म्हणाले. "म्या हितं बसतो."

बसायला बसले, पण करायचं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. ती दुपार त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लांब दुपार. गलोल मांडीवर आडवी, समोर चिमण्या चिकाचे दाणे फोडताहेत, आणि पट्टीतला अंगठा ठणकतोय. रागारागानं त्यांनी उजव्या हाताच्या बोटानं रिकामी तात छेडली. टंग असा बारीक आवाज झाला आणि माळ्याजवळचा चिमण्यांचा थवा भुर्रकन उठला.

बादशहा ताठ बसले. पुन्हा छेडली. पुन्हा उठला. गोळी नव्हती, पण पाखरांना काय माहीत? इतकी वर्षं आधी तात वाजायची आणि मागून डोक्यावरून काहीतरी सूं करत जायचं. आई पिल्लांना शिकवत असेल किंवा नसेल, पण या रानात तो आवाज म्हणजे संकट, एवढं त्यांच्या अंगात मुरलं होतं. दुःख एवढंच की रिकाम्या गलोलीचा आवाज दहा पावलांपुढं जात नव्हता. दीड एकर हलवायला मोठी तात हवी होती. आणि गावात मोठी तात एकाच खुंटीला टांगलेली होती.

त्या दिवशी दिवस मावळायची वाट न बघता ते घरी गेले. कमान खाली उतरवायला त्यांनी उजवा हात घातला, पण मनात धाकधूक होती. अकरा वर्षं न वाजलेली तात. ती आतड्याची, तेल नाही लागलं की वाळून दोरीसारखी कडक होते आणि पहिल्या ठोक्याला तुटते. त्यांनी बोटानं चाचपली. तात मऊ होती. नुसती मऊ नव्हे, चकचकीत होती.

त्यांनी मेहरुनबीकडं पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं सांगितलं की दर बकरीदेला घर सारवून झालं की ती कमान उतरवते आणि तेलाचं बोट फिरवून परत टांगते, जिच्या आवाजावर लेकरं जेवली तिला वाळू कशी द्यायची. बादशहा जागच्या जागी खाली बसले. आपण ज्या वस्तूकडं अकरा वर्षं बघायचं टाळलं, तिला ही बाई गुपचूप जपत होती, आणि बिब्ब्याच्या वेळी आपण तिचं ऐकलं नाही. त्या संध्याकाळी दवाखान्यातल्या गोळ्यांची पुडी त्यांनी न सांगता घेतली.

सकाळी वीरधवलच्या मोटारसायकलवरून कमान रानात निघाली. वीरधवल पुढं, बादशहा मागं, आणि कमान दोघांच्या मांड्यांवर आडवी. समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला रस्त्याखाली उतरावं लागलं. माळ्यावर छपराच्या आड्याला दोरी बांधून कमान लटकवली. पिंजारी ती घरातही अशीच लटकवतो, म्हणजे तिचा भार हातावर येत नाही. डाव्या हाताचा नुसता तळवा टेकवायचा आणि उजव्या हातानं दस्ता मारायचा. अंगठ्याचं इथं काही काम नव्हतं.

भोरड्यांचा पहिला ढग उतरला तसा बादशहांनी दस्ता उचलला आणि तातेवर हाणला. ढंव्! आवाज शाळवावरून पसरत कांद्याच्या रानांवरून पार ओढ्यापलीकडं गेला. भोरड्या अर्ध्यात उतरल्या होत्या, त्या तशाच वर वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. कांदे खुरपणाऱ्या बाया कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या रंगूबाईंनी तर बांधावरून निरोप धाडला की पिंजारी आलाच आहे, तर माझी गादी पिंजून दे म्हणावं. बादशहांनी उलट निरोप दिला की पाखरं उठू देत, मग तुमची गादी.

पाच दिवस कमानीनं रान राखलं. बादशहा एका लयीत वाजवत नसत. कधी एक ठोका, कधी तीन, कधी अर्धा तास गप्प. रात्री उजवा खांदा उचलत नसे आणि मेहरुनबी तेल चोळून देई. पण पाखरं काही खुळी नसतात. सहाव्या दिवशी भोरड्या उठल्या, एक गिरकी घेतली आणि परत येऊन बसल्या. आवाज होतो, पण मागून काही येत नाही, हे त्यांना कळून चुकलं. बादशहांनी आणखी दोन ठोके मारले. निम्म्या भोरड्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

दाणा अजून हुरड्यात होता, पुरता टणक व्हायला आठवडा तरी हवा होता. आणि आठवडाभराचं काम तो थवा एका सकाळीत उरकणार होता. बादशहांना उमगलं की खोट्या धाकाला मधून मधून एक खरा घाव लागतो. त्यांनी पट्टी सोडली. फोड वाळले होते, कातडी गुलाबी आणि हुळहुळी, नख काळं आणि अर्धं सुटलेलं. मेहरुनबी भाकरी घेऊन आली होती. तिनं पाहिलं, आणि या खेपेला ती बोलली.

"थांबा. मी बांधून देते. पर या वक्ताला मी सांगते तसंच."

गोधडी शिवणारी बाई ती. तिनं पदराच्या गाठीतला कापूस काढून अंगठ्याभोवती गुंडाळला, त्यावर जुन्या चपलेचा कातडी तुकडा बसवला आणि सुईदोऱ्यानं चार टाके घालून टोपी केली. बादशहांनी कामठा धरला. नुसत्या धरण्यानंच डोळ्यांत पाणी आलं. खाली वीरधवल उभा होता. त्यानं मोबाइल खिशातून काढला, बंद केला आणि परत खिशात घातला.

बादशहांनी तात ओढली. त्यांना नखाची भीती वाटत होती, आणि भ्यालेलं मनगट आखडतं, हे त्यांनीच कितीदा नवशिक्यांना ऐकवलं होतं. त्यांनी श्वास सोडला, भोरड्यांच्या ढगावर नजर लावली आणि या वेळी कुणाकडंही न बघता हिसडा दिला. गोळी कातडी टोपीला न शिवता निघून गेली. थव्याच्या डोक्यावरून सूं करत गेली, आणि सबंध ढग एका झटक्यात उठला. लगोलग मेहरुनबीनं दस्ता उचलून कमानीवर ठोका हाणला. पिंजाऱ्याच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला ठोका शिकवावा लागत नाही. भोरड्या ओढा ओलांडून गेल्या.

पुढचे आठ दिवस असंच चाललं. सकाळी चार गोळ्या, चार दिशांना, त्याहून जास्त अंगठा सोसत नव्हता. बाकी दिवसभर मेहरुनबीची कमान. चौथी गोळी सोडून झाली की बादशहा हात काखेत दाबून पाच मिनिटं डोळे मिटून बसत. कुणी विचारलं तर म्हणत, थंडी आहे.

कापणीच्या आदल्या दिवशी बनुबाई सकाळी रानात आल्या. बरोबर वीरधवल होता. दोघं शाळवाच्या ताटांतून फिरायला लागली. पूर्वेकडच्या खाल्लेल्या काकऱ्यांत ती बराच वेळ थांबली, तेव्हा बादशहांनी तोंड फिरवलं आणि गलोलीची तात पुसत बसले. जेवढं करायचं तेवढं करून झालं होतं. मेहरुनबीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

बऱ्याच वेळानं माळ्याची शिडी करकरली. वीरधवल वर आला, दोन्ही हातांच्या कवेत कणसं. जाड, मोत्यासारख्या दाण्यांनी भरलेली, माना वाकलेली. त्यानं ती मेहरुनबीसमोर ठेवली.

"चाची, ही तुमच्या घरी टांगा," तो म्हणाला. "आमच्यात आता चूल न्हाई, गॅस हाय. धुराबिगर बियाला कीड लागती."

मेहरुनबीनं बादशहांकडं पाहिलं. घरात एकच खुंटी आहे आणि तिथं कमान असते, असं बादशहांनी कसंबसं सांगितलं.

"कमान आमच्या सोप्यात ठिवतो," वीरधवल म्हणाला. "तेल लावाया चाचींनी येत जावं. म्होरल्या साली तिथनंच माळ्यावर न्यायची."

त्या संध्याकाळी बादशहांनी स्वतः कणसांची जुडी बांधली. गाठ मारताना अंगठा दुखला. काळ्या नखाखालून नव्या नखाची पांढरी कड नुकती दिसायला लागली होती. जुडी खुंटीला लागली, खाली चूल पेटली आणि धूर वर चढू लागला.

शुक्रवारी अफताबचा फोन आला. शाळू निघाला का, असं त्यानं विचारलं. निघाला, असं बादशहा म्हणाले. मग आता येताय ना, असं अफताब म्हणाला. बादशहांनी खुंटीकडं पाहिलं.

"कसा येऊ रं?" ते म्हणाले. "बी आपल्या घरात हाय."